अडुसष्टखाली आत, एकोणसत्तरखाली बाहेर

कोल्हापुरात पोलिसांच्या निळ्या गाडीत चोरांपेक्षा आंदोलकच जास्त बसले असतील, असा माझा आपला अंदाज आहे. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली टोलविरोधात रस्त्यावर उतरलेलं शहर हे. शिरोलीच्या पुलावर ऊसदरासाठी महामार्ग रोखणारा शेतकरी इथलाच. सीमाप्रश्नासाठी एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनी बेळगावकडे निघणारे कार्यकर्तेही इथलेच, आणि सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटकचे पोलीस त्यांच्यासाठी गाड्या लावून तयार असतात.

गाडी आली की कार्यकर्ते रस्त्यावरच फतकल मारतात, मग दोघे-तिघे पोलीस एकेकाला उचलतात. आत समोरासमोर दोन लांब बाकं, खिडक्यांना जाळी, मागच्या दाराला बाहेरून कडी. दार लागलं तरी घोषणा थांबत नाहीत. जाळीतून एक हात झेंडा धरतो, दुसरा मोबाइलवर लाइव्ह करतो. पोलीस ठाण्यात किंवा मुख्यालयाच्या मैदानावर उतरवल्यावर नाव, वय, धंदा, पत्ता लिहून घेतात. चहा होतो. संध्याकाळी सगळे घरी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ येते : ताब्यात घेऊन सुटका केली.

या साऱ्यामागे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधली दोन कलमं आहेत. ६८ सांगतं, पोलिसांच्या वाजवी सूचना पाळायला माणूस बांधलेला आहे. न पाळल्यास ६९ नुसार त्याला अडवता किंवा हलवता येतं. मग मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं, नाहीतर किरकोळ प्रकरणात वेळ टळून गेली की सोडून द्यावं. पोलिसांच्या बोलण्यात याचं ‘अडुसष्ट-एकोणसत्तर’ होतं. आंदोलकांनाही हे पाठ असतं. गाडीत बसल्याशिवाय आंदोलन झाल्यासारखं वाटत नाही, हेही खरंच!

या गाडीचं मूळ मात्र दूरचं. पोलिसांच्या मोटारगाडीची सुरुवात झाली अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रन गावी, १८९९ मध्ये. ती चक्क विजेवर चालायची. किंमत २,४०० डॉलर, वेग ताशी सोळा मैल. पहिली कामगिरी एका दारुड्याला उचलण्याची. पुढच्याच वर्षी दंगल झाली आणि जमावाने ती कालव्यात ढकलली. जमावाचा पहिला राग गाडीवर निघतो, हे तेव्हापासूनचंच.

आंदोलकांच्या गाडीहून कैद्यांची गाडी मात्र वेगळी. तिथे घोषणा नसतात. कारागृहातून कोर्टात आरोपी नेण्याच्या ड्युटीला पोलीस ‘कैदी पार्टी’ म्हणतात. जिल्हा न्यायालय भाऊसिंगजी रोडवर होतं तेव्हा बिंदू चौकातल्या सबजेलपासून ते अगदी जवळ. आता न्यायालय कसबा बावड्यात आहे आणि मध्यवर्ती कारागृह कळंब्यात, म्हणजे शहराच्या दोन टोकांना. प्रत्येक तारखेला गाडी सबंध शहर ओलांडते, आणि पार्टीतल्या शिपायाचा जीव टांगणीला लागतो. बेड्या सरसकट घालायच्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात बजावलं, न्या. कृष्णा अय्यर यांचा तो निकाल. साहजिकच जाळी, कुलूप आणि सोबतच्या माणसांवरचा भार वाढतो. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने यातल्या काही फेऱ्या वाचवल्या आहेत, आणि त्याबद्दल पोलीस कुरकुर करताना दिसत नाहीत.

पोलिसांची गाडी एरवी माणसाला न्यायला येते. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मात्र लोक स्वतःहून तिला बोलावतात. फोन आधी राज्याच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या बोलेरोतल्या पडद्यावर. गाडी किती मिनिटांत पोचली याची नोंद आपोआप होते, त्यामुळे ‘वाटेतच आहे’ हे उत्तर आता चालत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांच्या ताफ्यात आणखी भर पडली : राज्याने फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन रस्त्यावर आणायला सुरुवात केली. अडीचशेहून अधिक गाड्यांची ही योजना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये याचं कारण सापडतं : सात वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. या गाडीला ना जाळी, ना बाहेरून कडी. ती रक्ताचे, मातीचे, बोटांच्या ठशांचे सीलबंद नमुने घेऊन परत फिरते.