वॅटचा हिशेब राहूनच गेला

भारनियमनाची ती वर्षं नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कुहीकडच्या माणसाला वेगळी आठवून द्यावी लागत नाहीत. आज लाइन सकाळी जाणार की दुपारी, मोटारपंप रात्री कितीला सुरू करायचा, डीपी जळली तर किती दिवस अंधार, सगळं आयुष्य त्यावर बेतलेलं होतं. २००५ नंतरची काही वर्षं विदर्भातल्या खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. नेमक्या त्याच काळात जगात गरीब देशांतल्या मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप करण्याची मोठी धडपड चालली होती. आता वीस वर्षांनी मागे पाहिलं की एक गोष्ट सलते. त्या लॅपटॉपच्या किमतीवर सगळे बोलले, तो किती कमी विजेवर चालतो यावर फारसं कुणी बोललंच नाही. आमच्यासारख्या तालुक्यांना तर तेच हवं होतं.

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या परिषदेत एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या साक्षीने एक हिरवा, छोटा लॅपटॉप जगाला दाखवला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही त्यांची संस्था, आणि शंभर डॉलर ही किंमत. वीज नसेल तिथे हाताने फिरवायला बाजूला एक दांडा होता. पुढे तो दांडा गेला, आणि २००७ च्या अखेरीस ‘एक्सओ’ या नावाने उत्पादन सुरू झालं तेव्हा शंभरचे जवळपास दोनशे डॉलर झाले होते. टीकाकारांनी तेवढंच धरून ठेवलं.

पण ते यंत्र उघडून पाहण्यासारखं होतं. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कच्या जागी १ जीबी फ्लॅश. पंखा नाही. कळफलक सलग रबराचा, फटी नसलेला. कुही-मांढळकडे मिरचीच्या सातऱ्यांवरची, म्हणजे मिरच्या निवडण्याच्या जागांवरची, धूळ ज्यांच्या नाकात गेली आहे, त्यांना पंखा नसलेल्या, बंदिस्त यंत्राचं मोल वेगळं सांगायला नको. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला साडेसात इंची पडदा तर कमालीचा होता. मागचा दिवा बंद केला की तो कृष्णधवल होई आणि भर उन्हात, कडुनिंबाखाली बसून स्पष्ट वाचता येई. वीजही वाचे ती तिथेच.

साधारण वापरात हे यंत्र पाच-सहा वॅट घेई, नुसतं वाचायचं असेल तर त्याहूनही कमी. त्या वेळी शाळांच्या प्रयोगशाळेत असलेला एक जाड मॉनिटरवाला डेस्कटॉप शंभर-सव्वाशे वॅट ओढायचा. म्हणजे एका डेस्कटॉपच्या विजेत वर्गातल्या वीस मुलांपुढे एकेक यंत्र. शिवाय ते बारा व्होल्टवर थेट चार्ज होई. दारात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी किंवा छपरावरचं लहानसं सौर पॅनेल त्याला पुरेसं होतं.

महाराष्ट्रात हे यंत्र आलं ते रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावर. साल २००७. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची सगळी मिळून २२ मुलं. रिलायन्स अनिल अंबानी समूहाने त्यात साथ दिली, आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनीही पुढे तिथे काम केलं. मुंबईपासून दोन-अडीच तासांवरची ती वाडी, म्हणून पत्रकारही पोचले, फोटो जगभर छापून आले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की यंत्र मुलाचं होतं. कुलपातल्या लॅबमधलं नव्हतं. त्यात कॅमेरा होता, माइक होता, चित्र काढता येत होतं. धनगराच्या पोराने आपल्या घरचा माणूस टिपावा, त्याचं बोलणं साठवावं, हे पाठ्यपुस्तकात कधी नव्हतं.

देश म्हणून मात्र आपण तोवर वेगळी वाट धरली होती. २००६ मध्येच केंद्रीय मानव संसाधन विकास मंत्रालयाने या योजनेला नकार दिला. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, ही त्यामागची भूमिका. ती भूमिका चुकीची नव्हती. एकशिक्षकी शाळा आमच्याही तालुक्याला ठाऊक आहेत. पण मग त्याच मंत्रालयाने स्वस्ताईची शर्यत का सुरू केली, हे मला आजही उमजत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला दहा डॉलरचा म्हणून गाजलेला ‘लॅपटॉप’ दाखवला गेला; तो लॅपटॉप नव्हताच, माहिती साठवण्याची पेटी होती. ५ ऑक्टोबर २०११ ला ‘आकाश’ टॅब्लेट आला, सरकारला २,२७६ रुपयांना पडलेला. स्पर्शाला मंद, आणि बॅटरी दोन-तीन तासांत संपणारी. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने पुढच्या आवृत्तीवर मनापासून मेहनत घेतली. ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली आणि पहिलीपेक्षा पुष्कळ बरी होती. तरी दोन-तीन वर्षांत आकाशचं नाव मागे पडलं. बारा तास भारनियमन असलेल्या गावात तीन तासांची बॅटरी कशी चालणार, हा प्रश्न किमतीच्या आकड्याआड गेला.

तिकडे उरुग्वेने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक्सओ दिला. पेरूने आठ लाखांहून अधिक घेतले. २०१२ मध्ये पेरूतल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नव्हता, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा दिसला. शिक्षकाला सोबत न घेता यंत्र वाटलं तर काय होतं, ते या अहवालात लख्ख दिसतं. बाजाराने मात्र धडा पटकन घेतला. २००७ मध्येच आसूसचा ‘ई पीसी’ आला, नेटबुकांची लाट आली, आणि लहान, कमी विजेवर चालणारा लॅपटॉप शहरातल्या पैसेवाल्याची सोय झाला.

आपल्याकडे पुढचं काम शिक्षकांनीच केलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा इथे संदीप गुंड यांनी जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात लोकवर्गणीतून गावोगाव प्रोजेक्टर आणि टॅब आले. आणि थकलेल्या बिलापायी शाळांची वीजजोडणी कापल्याच्या बातम्याही त्याच काळातल्या. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शिकायला उरला तो घरातला एकुलता मोबाइल, तोही बाप शेतावरून परतल्यावर मिळणारा.

एक्सओचा पडदा किंवा बॅटरी साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येई. जादा स्क्रू यंत्रातच ठेवलेले असत. आज शाळांना मिळणारे टॅब चिकटवून बंद केलेले असतात, बॅटरी फुगली की कपाटात जातात. खरेदीच्या निविदेत रॅम असते, स्क्रीनचा आकार असतो, वॉरंटी असते. किती वॅट लागतात, बारा व्होल्टवर चालेल का, बॅटरी तालुक्याच्या गावी बदलून मिळेल का, हे तीन रकाने अजून नसतात. ते घालायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही, निविदा लिहिणाऱ्या बाबूने मनावर घेतलं तरी पुरे.