आठ सेकंदांना एक सूचना

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या यंत्रणेतून वर्षाला ४० लाखांहून अधिक नोटॅम जातात. वैमानिकांसाठी काढलेल्या या सूचना असतात: अमुक धावपट्टी बंद आहे, तमुक दिवे चालत नाहीत, विमानतळाजवळ क्रेन उभी आहे, पुढचे तीन दिवस या पट्ट्यातून उडू नये. ४० लाखांना ३६५ ने भागले की दिवसाला जवळजवळ ११ हजार सूचना येतात, मिनिटाला साडेसात. दिवस असो वा रात्र, दर आठ सेकंदांना एक. हा हिशेब एका देशाचा झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे १९३ सदस्य देश आहेत आणि प्रत्येकाला आपल्या हद्दीतले बदल याच पद्धतीने जगाला कळवावे लागतात.

या प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला कॉकपिटमधली दोन माणसे असतात. उड्डाणापूर्वी त्यांच्या हाती साधारण तासभर असतो. त्यात हवामान पाहायचे, इंधन ठरवायचे, वजनाचा हिशेब तपासायचा, विमानात काही दुरुस्ती बाकी आहे का ते बघायचे आणि याच तासात सूचनांचा गठ्ठाही वाचायचा. समजा गठ्ठ्यात १२० सूचना आहेत आणि एका सूचनेला २० सेकंद लागतात. तेवढ्यातच ४० मिनिटे संपली. त्या १२० पैकी उड्डाणाचा निर्णय बदलायला लावणाऱ्या सूचना दोन किंवा तीन असतील, पण त्या कुठल्या, हे सगळा गठ्ठा वाचल्याशिवाय कळत नाही.

एका सूचनेत किती वजन असते, ते आपल्या मुंबईत दिसते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही असूनही एका वेळी एकच वापरता येते. अशा विमानतळावर ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली. दर ८४ सेकंदांना एक विमान उतरत होते किंवा उडत होते. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी मात्र पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद होत्या. विक्रमी दिवसाच्या गतीने मोजले तर सहा तासांत अडीचशेच्या वर विमाने होतात. तरीही गोंधळ उडाला नाही, कारण सूचना सहा महिने आधी निघाली होती आणि विमान कंपन्यांनी वेळापत्रके तिच्याभोवती बेतली होती. वेळेवर आणि नेमकी निघालेली सूचना हे काम करते.

अशी सूचना लिहिली जाते ती मात्र माणसाने सहज वाचावी अशी नसते. वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मुंबईतले ते सकाळचे अकरा सूचनेच्या पद्धतीत २४१०१७०५३० असे दहा आकडे होतात: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटे, मध्ये एक टिंबही नाही. ‘धावपट्टी बंद’ हे क्यूएमआरएलसी या पाच अक्षरांत बसवलेले असते. त्यातले एमआर म्हणजे धावपट्टी आणि एलसी म्हणजे बंद. याचे मूळ टेलिप्रिंटरच्या काळात आहे. ही व्यवस्था १९४७ पासून चालत आली. त्या काळच्या टेलिप्रिंटरला एका अक्षरासाठी पाच खुणा मिळत आणि पाच खुणांचे फक्त ३२ मेळ होतात. त्यात इंग्रजीची मोठी आणि छोटी लिपी दोन्ही मावत नाहीत, म्हणून सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत. एका ओळीत जास्तीत जास्त ६९ अक्षरे, एका संदेशात १,८००. तारेचा प्रत्येक शब्द महाग होता तेव्हा ही काटकसर शहाणपणाची होती. तारा गेल्या, तरी मजकुराची ती ठेवण आजच्या वैमानिकाच्या टॅब्लेटवर तशीच उमटते.

तिची किंमत ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत जवळजवळ चुकवावी लागली. टोरांटोहून निघालेले एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे विमान १४० माणसांना घेऊन मध्यरात्रीच्या सुमारास उतरत होते. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी बंद होती, तिचे दिवे विझवलेले होते. वैमानिकांना नेहमीप्रमाणे दोन धावपट्ट्या दिसतील असे वाटत होते. त्यांनी पेटलेल्या धावपट्टीला डावी समजले आणि तिच्या उजवीकडच्या टॅक्सी-वेला धावपट्टी. त्या टॅक्सी-वेवर चार विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी होती. एअर कॅनडाचे विमान पहिल्यावरून गेले, खाली येत येत दुसऱ्यावर पोचले तेव्हा जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर होते. उभ्या विमानाची शेपटीच ५५ फूट उंच असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोघांमधले अंतर १० ते २० फूट धरले. पाचही विमानांत मिळून हजाराहून अधिक माणसे होती. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात १९७७ मध्ये तेनेरिफेच्या धावपट्टीवर झाला, त्यात ५८३ माणसे गेली. सॅन फ्रान्सिस्कोत त्या रात्री त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसे धोक्यात होती.

डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिली गेली नव्हती का? दिली होती. २७ पानांच्या गठ्ठ्यात ती आठव्या पानावर होती. ती पाहिल्याचे कॅप्टनने चौकशीत सांगितले, पण ऐन उतरताना ती त्यांच्या मनात उरली नव्हती. सुरक्षा मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी २०१८ च्या सुनावणीत या सगळ्या सूचनापद्धतीलाच केरकचरा म्हटले, इतका त्यांचा संताप झाला होता. त्यांचा राग मला पटतो. आठव्या पानावर छापले म्हणून कळवण्याची जबाबदारी संपली, असे मानता येणार नाही.

सूचना लक्षात असूनही घात होतो, हे तैपेईने ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री दाखवले. वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७४७ उड्डाणासाठी निघाले. परवानगी डाव्या समांतर धावपट्टीची होती, ते उजवीवर वळले. तिथे दुरुस्ती चालू होती. वेग घेतलेले विमान यंत्रांवर आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आदळले. १७९ पैकी ८३ माणसे गेली. उजव्या धावपट्टीचा काही भाग बंद आहे हे वैमानिकांना माहीत होते, असे चौकशी अहवाल सांगतो. त्याच अहवालात हेही आहे की त्या धावपट्टीच्या तोंडाशी ती बंद असल्याची खूण नव्हती. कागदावर बंद असलेली धावपट्टी डोळ्यांसमोर उघडी होती.

तिसरी उणीव अपुऱ्या सूचनेची. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनच्या आकाशात ३२,००० फुटांपर्यंत उडायला मनाई होती. मलेशिया एअरलाइन्सचे १७ क्रमांकाचे विमान ३३,००० फुटांवर होते, नियमात चोख बसणारे. क्षेपणास्त्राने ते पाडले आणि २९८ माणसे मेली. त्या दिवशी आकाश बंद होईपर्यंत तिथून १६० विमाने गेली होती, असे डच सुरक्षा मंडळाने नोंदवले. त्याच मंडळाने एक नेमके बोट ठेवले: मनाईच्या सूचनेत तिचे खरे कारण लिहिलेले नव्हते. कारण कळले असते तर हजार फुटांच्या फरकावर किती कंपन्यांनी विसंबायचे ठरवले असते?

सूचना मिळाल्याच नाहीत तर काय होते, तेही जगाने पाहिले. ११ जानेवारी २०२३ ला अमेरिकेत ही यंत्रणा कोलमडली. कंत्राटी कर्मचारी मुख्य माहितीसाठा आणि त्याची राखीव प्रत जुळवत असताना काही फायली चुकून पुसल्या गेल्या. रोज सुमारे ४५ हजार उड्डाणे सांभाळणाऱ्या देशाने सकाळी दीडेक तास सगळी प्रस्थाने थांबवली. ११ सप्टेंबर २००१ नंतर देशभर असे पहिल्यांदाच घडले. १,३०० हून अधिक उड्डाणे रद्द झाली, दहा हजारांना उशीर झाला. ज्या गठ्ठ्याला वैमानिक कंटाळतात, त्याच्यावाचून एकही विमान सोडायची हिंमत प्रशासनाला झाली नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. धावपट्टीवर काय आहे हे ठाऊक नसताना उडणे म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणे.

त्यानंतर हालचाल झाली. जून २०२३ मध्ये अमेरिकेत या सुधारणेसाठी कायदाच झाला. त्याआधी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जगभर मोहीम उघडली होती, तिचा रोख जुन्या सूचनांवर होता. नियमाप्रमाणे नोटॅम तात्पुरता असतो आणि तीन महिन्यांच्या पुढे टिकू नये. प्रत्यक्षात चालू सूचनांपैकी सुमारे एक पंचमांश त्याहून जुन्या निघाल्या. जी क्रेन कधीच हलली, तिची सूचना आजच्या बंद धावपट्टीच्या सूचनेवर चढून बसते.

पुढचा उपाय म्हणजे सूचना नुसत्या मजकुराऐवजी संगणकाला उमजेल अशा माहितीच्या रूपात देणे. एखादा टॅक्सी-वे ६५ मीटरपेक्षा रुंद पंखांच्या विमानांना बंद असेल तर जवळजवळ ८० मीटर पंखांच्या एअरबस ए३८० ला ते कळलेच पाहिजे. एअरबस ए३२० चे पंख ३६ मीटरच्या आत असतात, त्याच्या वैमानिकाला ती ओळ दाखवायचे कारण नाही. अशी चाळणी लागली की गठ्ठा आपोआप बारीक होतो आणि बंद धावपट्टी नकाशावर लाल रेघेने उठून दिसते.

पण सगळे संगणकावर सोपवून भागणार नाही. काम संपल्याच्या दिवशी सूचना मागे घेणे, जिवावर बेतणारी गोष्ट पहिल्या पानावर ठेवणे, मनाईचे कारण साध्या शब्दांत लिहिणे आणि बंद धावपट्टीच्या तोंडाशी ती बंद असल्याची ठळक खूण करणे, या चार गोष्टी आजच्या आज करता येतात. त्यांना नवे तंत्र लागत नाही, शिस्त लागते. किती सूचना काढल्या याची मोजणी सगळीकडे होते. त्यांतल्या किती वैमानिकाच्या ध्यानात धावपट्टी समोर येईपर्यंत टिकल्या, हेही मोजायला हवे, कारण विमानात बसलेल्या माणसांचा जीव या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असतो.