बटू म्हाकुळाची ओळख

मासळीबाजारातील म्हाकूळ कोकणातले लहान मूलही ओळखते. गोव्यात त्यालाच माणकी म्हणतात. परंतु म्हाकुळाच्या गणगोतात एक घराणे असे आहे, की त्यातील पूर्ण वाढ झालेला प्राणी माणसाच्या अंगठ्याच्या नखावर सहज मावेल. शास्त्रज्ञ या प्रजातीस इडिओसेपियस म्हणतात. स्टीनस्ट्रप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली तिचे प्रथम वर्णन केले. मोठ्यात मोठी मादीही दोन सेंटिमीटरांच्या आसपासच असते. एवढ्याशा देहात एका जातीचा प्राणी दुसरीहून वेगळा कसा ओळखावा?

घराण्याची खूण प्रथम पाहावी. ती पाठीवर असते. प्रावार म्हणजे शरीराला वेढणारी मांसल पिशवी. तिच्या पाठीकडील भागावर एक लांबट, चिकट चकती असते. तिच्या साहाय्याने हा प्राणी सागरी गवताच्या पात्याला पाठ टेकवून चिकटून राहतो. तेथूनच तो लहान कोळंबीसारख्या भक्ष्यावर झेप घेतो आणि मादी त्याच पात्यांवर एकेक अंडे चिकटविते. शरीराच्या मागील टोकाशी दोन छोटे, गोलसर पर असतात.

जात ठरविताना मात्र याहून बारीक खुणा पाहाव्या लागतात. आठ बाहू आणि दोन लांब भुजा अशी या प्राण्याची मांडणी असते. लांब भुजांच्या टोकाशी चूषक किती आणि ते कोणत्या रांगांत बसले आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. प्रावार आणि पाणी बाहेर फेकणारे नरसाळे यांना एकमेकांत अडकविणाऱ्या कूर्चेचा आकारही तपासतात. सर्वांत बोलकी खूण मात्र नराजवळ असते. त्याच्या खालच्या बाजूच्या दोन बाहूंचे रूप बदललेले असते, कारण शुक्रपुटके मादीस देण्याचे काम त्यांच्याकडे असते. हे दोन्ही बाहू परस्परांसारखे नसतात. कोणत्या बाहूवर किती चूषक उरले आहेत आणि त्याच्या कडेला व टोकाला कोणता आकार आला आहे, यावर निर्णय अवलंबून असतो.

येथेच अडचण उभी राहते. मादीजवळ ही खूण नाही, आणि अपक्व नरातही ती स्पष्ट नसते. द्रावणात ठेवलेला नमुना आकसतो, त्याचा रंग उडतो, पाठीवरील चकतीही सुरकुतते. म्हणून एका नमुन्यावर विसंबून चालत नाही. अनेक नमुने, जिवंतपणीची छायाचित्रे आणि डीएनएची तुलना या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी लागते.

अशा परीक्षेचे फळ २०२३ साली दिसले. ऑस्ट्रेलियातील अमांडा रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानच्या र्‍युक्यू बेटांजवळील दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. एकीला इडिओसेपियस किजिमुना हे नाव मिळाले. किजिमुना म्हणजे ओकिनावाच्या लोककथांतील, वडाच्या जातीच्या झाडांवर राहणारे लाल केसांचे ठेंगणे भूत. दुसरी इतकी निराळी निघाली, की तिच्यासाठी कोडामा ही नवी प्रजातीच स्थापावी लागली. कोडामा हेही जपानी वृक्षांतील भूतच. तिचे जातिनाम जुजुत्सू असे आहे, कारण ती आपल्याहून मोठ्या कोळंबीशी मल्लासारखी झुंजते.

चूषक मोजण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बायबलच्या आरंभीच्या कथेत प्राण्यांना नावे देण्याचे काम आदामाकडे आले. ते काम अद्याप पुरे झालेले नाही. सागरी गवताची कुरणे अनेक किनाऱ्यांवर आक्रसत आहेत. दोन जाती एकच समजल्या गेल्या, तर त्यांतील एक नाहीशी झाली तरी दुसरीच्या नावाखाली ती जिवंतच मानली जाईल. ज्याला नाव नाही, त्याच्या रक्षणाची मागणी कोणी कशी करावी? म्हणूनच तांदळाच्या दाण्याहून बारीक बाहूवरील चूषकांची ती मोजदाद मोलाची ठरते.