नांगर टाकलेल्या बोटीवरचा संसार

मागच्या महिन्यात चारठाण्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही मोबाईलवर ‘तारिणी’ बोटीचा व्हिडिओ पाहिला. भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. १० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्यातून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. बोटही गोव्यात बांधलेली, लांबी फक्त १७ मीटरच्या आसपास. व्हिडिओ संपला तशी एक मावशी म्हणाल्या, “एवढ्याशा बोटीत या पोरी पाणी कुठून आणत असतील गं?”

सगळ्या हसल्या, पण प्रश्न आपला रोजचाच होता. म्हणून आम्ही माहिती काढली. अशा लांबच्या प्रवासाच्या बोटी धक्क्याला जागा नसली की किनाऱ्यापासून थोडं दूर नांगर टाकून राहतात. तिथे घर कसं चालतं, ते आज सांगतो.

नांगर म्हटलं की आपल्याला शेत आठवतं. बोटीचा लोखंडी नांगरही तळाच्या मातीतच रुततो. पण तो नुसत्या वजनाने धरत नाही. बैलाची खुंटी वर ओढली की उपटते, आडवी ओढली की टिकते, तसंच हे. ओढ आडवी राहावी म्हणून साखळी भरपूर सोडतात. पाणी ५ मीटर खोल असेल तर साखळी २५ मीटरपर्यंत. खोली मोजताना भरतीला चढणारं पाणीही धरावं लागतं.

मग दाव्याला बांधलेल्या गाईसारखी बोट वाऱ्याबरोबर नांगराभोवती फिरते. नांगर सरकला तर बोट खडकावर जाईल. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा एक झाड आणि त्यामागचा कळस, एका रेषेत धरून ठेवतात. रेषा मोडली की शंका घ्यायची. वारा वाढला तर रात्रभर पाळीपाळीने जागतात. इतर बोटींना दिसावं म्हणून वर पांढरा दिवा लावतात.

आता मावशींचा प्रश्न. चहूकडे पाणी, पण पिण्याजोगं नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी प्यालं तर मीठ बाहेर टाकायला शरीराला त्याहून जास्त पाणी लागतं आणि तहान वाढतच जाते. म्हणून गोडं पाणी टाकीत भरून आणतात, पावसाचं धरतात, नाहीतर यंत्राने खाऱ्याचं गोडं करतात. पण त्या यंत्राला वीज लागते. वीज बॅटरीतून येते आणि बॅटरी सौर पत्र्यावर किंवा इंजिनावर भरते. म्हणजे पाणी सांडलं की वीजही सांडली.

म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासतात आणि शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळतात. अंघोळही तशीच, शेवटचा तांब्या गोडा. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्यात येत नाही, तसाच.

स्वयंपाकाची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. गॅसचं काम झालं की टाकीजवळची चावी बंद करतात. कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीने पेटतो. आपल्या घरातही तो जमिनीलगतच साठतो. वास आला तर बटणाला हात लावू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा.

भाजी आणायची तर छोट्या होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं. कचरा पाण्यात न टाकता साठवून त्याच होडीतून नेतात.

मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. बोटीवर टाकीत पाणी किती उरलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पाणी वापरणारा प्रत्येक जण ते मोजतो आणि पाळीही प्रत्येकाला असते. आपल्याकडे टँकर आला की हंडा घेऊन कोण धावतं? सून धावते, नाहीतर शाळा बुडवून लेक. घरातल्या बाकीच्यांना आज किती हंडे आले हेसुद्धा ठाऊक नसतं.

आपण बचतीचा रुपयान् रुपया वहीत लिहितो. आमच्या गटाने ठरवलंय, या उन्हाळ्यात एक आठवडा पाण्याचीही वही ठेवायची. हंडे किती आले, कोणी आणले आणि कशाला गेले, एवढंच लिहायचं. आठवडा संपला की वही घरात सगळ्यांसमोर वाचायची आणि पाळ्या लावायच्या. पाळीत मुलगाही येईल आणि घरधनीही. तुमच्या गटातही करून पाहा, आणि वहीत काय निघालं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.