उसण आणि महारोहिणी

भुसावळनजीक दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत काय किंवा तापीकाठच्या केळीच्या बागांत काय, ओझे उचलताना कमरेत एकाएकी कळ आली की तिचे नाव ठरलेलेच असते : उसण भरली. नावापाठोपाठ उपचारही ठरतो. शेक, तेलाची मालीश, दोन दिवस पडून राहणे. बहुतेक वेळा तेवढे पुरते; म्हणूनच या शब्दावर लोकांचा विश्वास बसला आहे. मात्र कधीकधी याच शब्दाआड महारोहिणीचा घातक विकार दडलेला असतो.

शरीरातील ही सर्वांत मोठी शुद्ध रक्तवाहिनी पाठीच्या कण्याला लागूनच खाली उतरते आणि साधारणतः बेंबीच्या पातळीवर दुभंगते. तिच्या दुखण्याची जागा पाठ किंवा कंबर असावी, यात म्हणूनच नवल नाही. (‘रोहिणी’ हा शब्द आयुर्वेदात घशाच्या एका रोगाचे नाव आहे, मराठी परिभाषेने तो रक्तवाहिनीला दिला. पर्यायी ‘धमनी’ शब्दाच्या मुळाशी फुंकण्याचा धातू आहे.)

विकार मुख्यतः दोन. पहिल्यात वाहिनीचे आतले अस्तर फाटून रक्त भित्तीच्या थरांत शिरते. वेदना पहिल्या क्षणीच परमावधीला पोचते, बहुधा छातीत वा दोन खवाट्यांच्या मध्ये, आणि फाट वाढेल तशी ती खाली सरकू शकते. वाढलेला रक्तदाब हे याचे प्रमुख कारण होय. दुसऱ्यात पोटातील वाहिनी फुगते. तिचा सुमारे दोन सेंटिमीटरचा व्यास तीनच्या वर गेला की तो विस्फार समजतात. पुरुषांत साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार होतो. पासष्टीपुढील धूम्रपानी पुरुषांत तो विशेष आढळतो. तो फुटला तरी आजूबाजूच्या ऊती रक्ताला काही काळ थोपवून धरतात. रोगी बोलतो, चालतोही, आणि निदान मुतखडा किंवा उसण असे होते. आइन्स्टाइन यांच्या अशाच विस्फारावर १९४८ मध्ये रूडॉल्फ निसेन यांनी सेलोफेनचे वेष्टन घातले होते. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला. शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली, आणि १८ एप्रिलला त्यांचा अंत झाला.

‘एकाएकी’ हा गुण उसणीतही असतो, तेव्हा तेवढ्यावरून भेद होत नाही. उसण विशिष्ट हालचालीशी बांधलेली असते. अंग एका स्थितीत ठेवले की ती निवते. महारोहिणीची वेदना कुशीवर वळून शमत नाही. तिच्याबरोबर घेरी, दरदरून घाम, पायात अचानक आलेली दुर्बलता वा गारवा, पोटात जाणवणारे ठोके, दोन हातांच्या रक्तदाबांतील लक्षणीय फरक यांपैकी एखादे चिन्ह असल्यास शेकाचा विचार सोडून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हाच मार्ग. सगळी चिन्हे एकत्र दिसतीलच असे नाही. निश्चिती क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणाने, शिरेतून रंजकद्रव्य देऊन होते. हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिले गेल्यास मात्र अनर्थ ओढवू शकतो.

निदानाची मेख बोलण्यातच आहे. ‘उसण भरली’ म्हणताना रोगी कारणही सांगून मोकळा होतो, आणि ऐकणारा तेच टिपून घेतो. ‘नऊ वाजता जेवताना पाठीत काहीतरी फाटल्यासारखे झाले’ या वाक्यात वेळ आहे, स्थिती आहे, वेदनेची जातही आहे. चिठ्ठीवर नुसते ‘कंबरदुखी’ एवढेच उतरले की हे तिन्ही पुसले जाते.