आठ चिप की सोळा?

गोडादरा, डिंडोली, लिंबायत... सुरतेच्या या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, आणि कापडाच्या धंद्यावर त्यांतली कितीतरी घरं चालतात. इथं जुना कॉम्प्युटर सहजी भंगारात जात नाही. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनची फाइल उघडायला वेळ लागू लागला की आधी रॅम वाढवायचा विचार होतो. ती वीतभरही नसलेली पट्टी आत काय करत असते, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

४ जीबीच्या पट्टीत सुमारे ३,४३६ कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. पण हा कपॅसिटर म्हणजे झिरपणारा माठ. त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो. त्यातही गंमत अशी, की कप्पा नुसता वाचला तरी त्यातला भार विस्कटतो. वाचलेलं लगेच परत लिहावं लागतं. पडद्यावर काहीही हलत नसतं, तेव्हाही सगळी मेमरी सेकंदाला पंधरा वेळा नव्यानं लिहिली जात असते!

रॅमच्या पिढ्या बदलल्या तसा व्होल्टेज उतरत गेला: डीडीआरला २.५, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींच्या पिना २४०, लांबीही तीच. फक्त खाचेची जागा वेगळी. ती खाच चुकीची पट्टी स्लॉटमध्ये बसूच देत नाही, म्हणून जोर लावायचा नाही.

पण खाच जुळली तरी काम झालं असं नाही. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे जुने डीडीआर३ बोर्ड घ्या. ४ जीबीची एक पट्टी त्यावर मुकाट चालते, तिच्याऐवजी दुसरी घातली की मशीन सुरूच होत नाही. दोन्ही पट्ट्या चांगल्या! फरक चिपांच्या संख्येत आहे. सोळा चिपांच्या पट्टीत प्रत्येक चिप २ गिगाबिटची, आठ चिपांच्या पट्टीत ४ गिगाबिटची. मोठ्या चिपमध्ये कप्प्यांच्या ओळी दुप्पट, म्हणून ओळीचा पत्ता सांगायला पंधराऐवजी सोळा बिट लागतात, आणि चिपसेटमधल्या जुन्या कंट्रोलरला तो सोळावा बिट सांगताच येत नाही. एका बिटावर सगळं अडतं, हे मला विलक्षण वाटतं.

तेव्हा अशा बोर्डासाठी जुनी पट्टी घेताना ती उलटसुलट करून दोन्ही बाजूंच्या चिपा मोजाव्यात. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर आधी ते ६४ बिटचं करावं, नाहीतर ४ जीबीच्या वरची रॅम नुसती पडून राहील.