सैनिकाचे घर आणि समुपदेशन

आपल्या भागात असे गाव क्वचितच सापडेल, की ज्या गावातील एकही तरुण सैन्यात नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. सैनिकाच्या शौर्यावर आपण भाषणे ऐकतो, निबंध लिहितो. परंतु त्याच्या घराविषयी फारसे बोलत नाही. त्या घरात पत्नीला मारहाण होत असेल, मुलांची आबाळ किंवा छळ होत असेल, तर त्याविषयी बोलणे म्हणजे जणू गणवेशाचाच अपमान, अशी आपली समजूत असते. मानसशास्त्र शिकविताना हे मौन मला वारंवार जाणवले आहे. कौटुंबिक हिंसा हा विषय निघाला, की वर्गातील सैनिकांची मुलेमुली माना खाली घालून बसतात. त्यांतील किती जणांच्या घरी काही घडत असेल, हे मी सांगू शकत नाही. मात्र ज्यांच्या घरी घडते, त्यांना मदत कशी मिळू शकते, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सैनिक हा स्वभावतःच हिंसक असतो, असे मानण्यास काहीही आधार नाही. बहुसंख्य सैनिक प्रेमळ पती आणि पिता असतात. परंतु सैनिकी जीवनाची घडणच अशी असते, की काही ताण त्या घरांच्या वाट्याला अधिक येतात. वारंवार होणाऱ्या बदल्या, दीर्घ विरह, युद्धभूमीवरील अनुभव, माहेर आणि ओळखीची माणसे दूर असणे, हे ते ताण होत. शिवाय घर, वैद्यकीय सेवा, उत्पन्न हे सारे पतीच्या नोकरीशी बांधलेले असते. तक्रार केली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर मुले उघड्यावर येतील, या विचाराने अनेक स्त्रिया गप्प राहतात.

या प्रश्नावर सर्वांत पद्धतशीर व्यवस्था अमेरिकेच्या सैन्यदलांनी उभारली आहे. तिच्या यशापयशाची नोंदही उघडपणे झाली असल्यामुळे ती अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकेत १९७४ साली बालकांच्या छळाला प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झाला. त्यानंतर तेथील सैन्यदलांनी आपापले उपक्रम सुरू केले व १९८१ साली संरक्षण खात्याने ‘फॅमिली ॲडव्होकसी प्रोग्रॅम’ या नावाने त्यांना एकत्र रूप दिले. सैनिकी तळावर प्रशिक्षित समाजकार्यकर्ते नेमणे, तक्रार आल्यावर कुटुंबाला असलेला धोका तपासणे, पीडितांना सुरक्षित करणे आणि अत्याचार करणाऱ्यावर उपचार करणे, ही या यंत्रणेची कामे होत. घडलेली घटना गैरवर्तनाच्या व्याख्येत बसते किंवा नाही, हे एक समिती ठरवते. ही समिती न्यायालय नव्हे. शिक्षेचा प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला जातो.

कागदावर व्यवस्था असली म्हणजे माणसे तिच्याकडे येतातच असे नाही, हे २००२ साली दिसून आले. उत्तर कॅरोलायना राज्यातील फोर्ट ब्रॅग या तळावरील चार सैनिकांनी त्या उन्हाळ्यात, सुमारे सहा आठवड्यांच्या अवधीत, आपापल्या पत्नींची हत्या केली. त्यांपैकी तिघे अफगाणिस्तानातून परतलेले होते. पुढे सैन्याने केलेल्या पाहणीत, आधीपासून चालत आलेले वैवाहिक कलह आणि मोहिमांमुळे पडणारा ताण यांवर बोट ठेवण्यात आले. मदत मागितली तर बढती अडेल, ही भीतीही त्यात पुढे आली.

या भीतीवर उपाय म्हणून २००६ साली तक्रारीचे दोन मार्ग खुले करण्यात आले. पहिल्या मार्गात वरिष्ठ अधिकारी व तपासयंत्रणा यांना कळविले जाते आणि चौकशी होते. दुसरा मार्ग गोपनीय असतो. त्यात पीडित प्रौढ व्यक्तीला वैद्यकीय मदत व समुपदेशन मिळते, पण पतीच्या वरिष्ठांना सहसा कळविले जात नाही. अपवाद असतो तो जिवाला गंभीर धोका असल्याचा. बालकांच्या बाबतीत मात्र हा गोपनीय मार्ग नाही. तेथे कळवावेच लागते. प्रौढ स्त्रीला आपला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, बालक मात्र स्वतःचे रक्षण करू शकत नाही, हा त्यामागील विचार मला योग्य वाटतो. हवाई बेटांवर २००५ साली एका सैनिकाच्या पाच वर्षांच्या मुलीचा छळामुळे मृत्यू झाला. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ सालच्या कायद्याने असे बंधन घातले, की मुलाच्या छळाची माहिती सैन्यातल्या सैन्यात न ठेवता राज्याच्या बालसंरक्षण यंत्रणेलाही दिली पाहिजे. अत्याचारामुळे सैनिकाची नोकरी गेल्यास त्याच्या पत्नीमुलांना १२ ते ३६ महिने आर्थिक साहाय्य देण्याचीही तेथे तरतूद आहे. पोटाची चिंता हेच मौनाचे कारण असेल, तर केवळ उपदेश करून ते मौन सुटत नाही, हे यावरून ध्यानी येते.

आता समुपदेशक प्रत्यक्षात काय करतो, ते पाहू. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवून आणणे, अशी कल्पना रूढ आहे. जेथे मारहाण व दहशत आहे, तेथे ही पद्धत घातक ठरू शकते. पतीसमोर पत्नी खरे बोलू शकत नाही. बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. म्हणून प्रथम दोघांना स्वतंत्रपणे भेटावयाचे, हा पहिला नियम. दुसरी गोष्ट म्हणजे धोक्याचा अंदाज. गळा दाबण्याचा प्रकार झाला आहे काय, घरात शस्त्र आहे काय, ठार मारण्याची वा आत्महत्येची धमकी दिली आहे काय, ती घर सोडण्याच्या विचारात आहे काय, हे प्रश्न स्पष्टपणे विचारावे लागतात. स्त्री घर सोडू पाहते, तो काळ बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. त्यानंतर तिच्याबरोबर सुरक्षिततेची योजना आखली जाते: रात्री जावे लागले तर कोणाकडे जावयाचे, ओळखपत्र, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले कोठे ठेवावयाचे, शेजारणीला कोणती खूण द्यावयाची.

युद्धातून आलेल्या मानसिक आघाताचा प्रश्न येथे हमखास निघतो. आघातामुळे झोप उडते, चिडचीड वाढते, माणूस दचकतो, हे खरे आहे आणि त्यावर उपचार झालेच पाहिजेत. परंतु जो सैनिक आपल्या वरिष्ठांपुढे स्वतःला उत्तम आवरतो व घरात शिरताच हात उगारतो, त्याची अडचण केवळ आघाताची नसते. घरातील माणसे आपल्या हुकमतीखालची आहेत, ही त्याची समजूत बदलावी लागते. आघातावरील उपचार आणि वर्तनाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी समुपदेशकाने एकाच वेळी हाती घ्यावयाच्या असतात.

मुलांच्या बाबतीत आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. २००७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या सैनिकी कुटुंबांत मुलांशी गैरवर्तनाची घटना सिद्ध झाली होती, अशा कुटुंबांचा तो अभ्यास होता. सैनिक मोहिमेवर असतानाच्या काळात गैरवर्तनाचे प्रमाण तो घरी असतानाच्या काळापेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक आढळले. त्यातही, मागे राहिलेल्या मातांकडून मुलांची आबाळ होण्याचे प्रमाण जवळजवळ चौपट होते. याचा अर्थ माता दुष्ट होत्या असा नव्हे. एकटीवर पडलेला भार, मनातील भीती आणि हाताशी कोणी नसणे, यांतून मुलांकडे दुर्लक्ष होत होते. अशा घरी दमदाटीचा उपयोग नाही. तेथे मूल सांभाळायला कोणी तरी देणे, घरी जाऊन भेटणे, आईला विसावा देणे, हाच उपाय.

मुलाशी बोलताना उत्तर सुचविणारे प्रश्न टाळावेत. ‘बाबांनी मारले ना?’ असे न विचारता ‘काय झाले, ते सांगशील का?’ असे विचारावे. त्याने सांगितलेले ऐकून घ्यावे आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे त्याला स्पष्ट सांगावे. कोणाला सांगणार नाही, असे वचन मात्र देऊ नये. कारण ते पाळता येणार नाही.

आपल्याकडील चित्र थोडे निराळे आहे. आपला जवान सीमेवर असतो आणि पत्नी पुष्कळदा गावी, सासरी असते. त्यामुळे छळ करणारा नेहमी पतीच असतो असे नाही. सासरची इतर माणसेही असू शकतात आणि पतीला फोनवर एकच बाजू कळते. अशा वेळी पतीला विश्वासात घेणे हा समुपदेशनाचा मोठा भाग ठरतो. मात्र ते पत्नीच्या संमतीनेच व्हावे.

कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तो सैनिकाच्या घरालाही लागू आहे आणि त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. १९५० सालच्या सैन्य अधिनियमानुसार पत्नी व मुलांच्या पोटगीसाठी सैनिकाच्या वेतनातून रक्कम कापता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे, असे २०१२ सालचा ‘पॉक्सो’ कायदा सांगतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत समाजकार्यकर्ते बसविण्याचा तो प्रयोग पुढे राज्यात इतरत्रही पसरला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया व मुलांना मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. माजी सैनिक व सैनिकांच्या कुटुंबांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. पेन्शन आणि दाखल्यांप्रमाणेच घरातील छळाची तक्रारही तेथे ऐकून घेतली जावी आणि योग्य ठिकाणी पोहोचविली जावी, यासाठी तेथे एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे मला मनापासून वाटते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही समाजकार्यात जातील, काही स्वतः गणवेश चढवतील. तोपर्यंत एवढे तरी करता येईल. एखादी मैत्रीण घरचे काही सांगू लागली, तर ‘तुझे वडील तर देशासाठी लढतात’ असे म्हणून तिला गप्प करू नका. तिचे ऐकून घ्या, तिच्यावर विश्वास ठेवा, आणि वर दिलेल्यांपैकी एखाद्या ठिकाणी तिच्याबरोबर जा. एकटीने त्या कार्यालयाची पायरी चढणे तिला जड जाते. सोबत कोणी असले, की ते जमते.